राखलेले फूल

पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचे तापलेले ऊन हळूहळू कोवळे होऊ लागते आणि आपल्या घरांपुढच्या लहानमोठ्या बागांना खरा बहर येतो. झेंडू, मखमल, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा अशी वर्षायू फुलझाडे या दिवसांत अंगण उजळून टाकतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या घरी फुलांची गरजही वाढते. नोव्हेंबरच्या २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहायची असतात. रविवारच्या मिस्सासाठी वेदी सजवायची असते. मग नाताळ येतो आणि नाताळामागून लग्नसराई. अशा वेळी परडी आणि कात्री घेऊन आपण बागेत उतरलो, की हात आपोआप सर्वांत टपोऱ्या, सर्वांत गडद रंगाच्या फुलाकडे वळतो. त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे आपणांस वाटत नाही. फूल उमलते ते तोडण्यासाठीच, ही आपली समजूत इतकी पक्की असते.

आमचीही समजूत तशीच होती. आमच्या आईची मात्र तशी नव्हती. बहर भरात आला, की एखाद्या सकाळी ती जुन्या लुगड्याच्या काठाचे लाल दोरे घेऊन बागेत फेरी मारी आणि निवडक फुलांच्या देठांना ते दोरे बांधी. दोरा बांधलेल्या फुलाला मग कोणी हात लावायचा नाही, असा घराचा नियम होता. घरी पाहुणे येवोत, देवळात सण असो, ते फूल झाडावरच राहायचे. आणि दोरे बांधलेली ही फुले नेहमी बागेतील उत्तम झाडांवरचीच असत. "एवढी चांगली फुलं झाडावर वाळवायची कशाला?" असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा हातातले काम न थांबवता ती म्हणाली होती, "ती आपली नाहीत. ती पुढच्या वर्षाची आहेत."

त्या उत्तरातील "आपली नाहीत" हे दोन शब्द कळायला आम्हांस बरीच वर्षे लागली, आणि ते कळण्यासाठी एक चूकही करावी लागली. आपल्या हातून जे उत्तम फुलते त्यावर पहिला हक्क कोणाचा? आज जो पाहतो आहे त्याचा, ज्याला ते अर्पण करायचे त्या परमेश्वराचा, की जो अजून आलेलाच नाही त्याचा? एका फुलाच्या निमित्ताने हा प्रश्न येथे मांडायचा आहे. परंतु तो केवळ फुलाचा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

प्रथम झाडाची बाजू ऐकून घेऊ. आपण ज्याला बहर म्हणतो, त्या वेळी झाडाचे काम अर्ध्यावर आलेले असते. रंग, गंध आणि मध ही मधमाश्यांना व फुलपाखरांना घातलेली साद असते. परागकण पोहोचले, की पाकळ्यांची गरज संपते आणि झाड आपले सारे बळ बियांत ओतू लागते. आपल्याला जे कोमेजणे दिसते, ते झाडाच्या लेखी भरत जाणे असते. झिनियाचे फूल देठावरच तपकिरी होऊन खडखडीत वाळू द्यावे आणि मग एकेक पाकळी उपसावी. पुष्कळ पाकळ्यांच्या बुडाशी चपट्या बाणाच्या टोकासारखे बी मिळते. घाईने ओले फूल तोडून वाळवले, तर बहुतेक बी पोचट निघते. झेंडूचे बी काळ्या बारीक काडीसारखे असते आणि त्याच्या टोकाला फिकट तुरा असतो. गुलबक्षीचे बी मिरीसारखे काळे व सुरकुतलेले असते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी; पण नियम एकच. बी हवे असेल तर फुलाला त्याच्या रूपाच्या पलीकडे जाऊ द्यावे लागते.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : 'तेरड्याचा रंग तीन दिवस.' क्षणभंगुर शोभेचा दाखला म्हणून आपण ती वापरतो. परंतु म्हण रचणाऱ्याने चौथ्या दिवशी बागेत फेरी मारली नसावी. रंग गेल्यावर तेरड्याला लहान, लवदार, हिरवी बोंडे धरतात. ती पिकली, की बोटाचा नुसता स्पर्श होताच फुटतात, त्यांच्या पाकळ्या कमानीसारख्या वळतात आणि बी चहूकडे उडते. लहानपणी हा खेळ कोणी खेळला नसेल? ज्या रंगाला आपण नावे ठेवली, त्याच्या पोटी पुढच्या पावसाळ्याचे सारे रंग होते. म्हणीने दिवस बरोबर मोजले. मोजले मात्र फक्त पाहणाऱ्याचे.

आता या राखण्याची किंमत पाहू. कारण ज्याला किंमत पडत नाही त्याबद्दल नैतिक प्रश्नही उद्भवत नाही. झेंडू किंवा झिनियाची फुले आपण तोडत राहिलो, तर झाड नवनवी फुले देत राहते. त्याला बी धरायचे असते आणि आपण ते धरू देत नाही, म्हणून ते पुनःपुन्हा प्रयत्न करते. उलट, फुले झाडावर वाळू दिली तर झाडाचा बहर मंदावतो. म्हणजे एक फूल राखले तर एकच फूल गमावले असा हा हिशेब नाही. त्यामागून येऊ शकली असती अशी कित्येक फुलेही आपण सोडलेली असतात. शिवाय वाळके फूल डोळ्यांना खुपते. पाहुण्यांना आपली बाग अर्धी सुकलेली दिसते. राखणाऱ्याला हे सारे सोसावे लागते.

म्हणून मन एक सोपी वाट सुचवते : चांगली फुले तोडावी आणि शेवटी जी उरतील त्यांचे बी धरावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालते. परंतु उरते काय? ज्या झाडांकडे कोणाचा हात वळला नाही, जी खुरटी राहिली, ज्यांना रोगाने गाठले, ज्यांची फुले एकेरी आणि फिकट निघाली, त्यांचेच बी घरात येते. पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले लहान वाटू लागतात. दुहेरी झिनियात एकेरी फुलांची झाडे वाढत जातात. आपण म्हणतो, पूर्वीसारखे बी राहिले नाही. बीने काही केलेले नसते. वर्षानुवर्षे आपणच उत्तम ते स्वतःसाठी घेतले आणि उरलेसुरले पुढच्यांच्या ओंजळीत टाकले, त्याची ती सरळ बेरीज असते. जाणती बागवान मंडळी म्हणूनच एखाद्या देखण्या फुलाला न भुलता सबंध झाड पाहतात : पावसात कोणते टिकले, कोणते निरोगी राहिले, कोणते भरभरून फुलले. आणि अशा झाडाला कात्री लावण्याचा मोह आवरतात.

येथवर कोणी फारसा वाद घालणार नाही. दिवाणखान्यातील फुलदाणीपेक्षा पुढच्या वर्षाची बाग मोठी, हे पटते. परंतु वेदीचे काय? देवाला उत्तम ते द्यावे, ही शिकवण आपण आईच्या दुधाबरोबर घेतलेली आहे. हाबेलाने आपल्या कळपातील पहिलेवहिले दिले आणि त्याचे अर्पण देवाला पसंत पडले. मग उत्तम फूल झाडावर वाळत ठेवून दुय्यम फूल देवाच्या वेदीवर नेणे ही कृपणता नव्हे काय?

हा आक्षेप आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. तो आमच्यावर गुदरला. आमची आई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वारली. त्या वर्षी तिची झिनिया विशेष फुलली होती. गडद किरमिजी रंगाची, थरावर थर असलेली ती झिनिया तिने कित्येक वर्षे घरच्याच बियांवर राखली होती. अंत्यविधीच्या सकाळी आम्ही बागेत गेलो आणि सारी फुले उतरवली. लाल दोरे आम्हांस दिसले नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. दोरे दिसले. क्षणभर हातही थांबला. मग मनात आले, की तिच्याच हातची फुले तिच्या शवपेटीवर जाऊ नयेत तर कोठे जावीत? आज मागे काय ठेवायचे? आम्ही दोरे बांधलेली फुलेही तोडली. देवळात ती फुले फार शोभून दिसली. कित्येकांनी तसे बोलूनही दाखवले.

जूनच्या अखेरीस तिचा बियांचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा आत कागदाच्या पुड्या होत्या आणि त्यांवर तिच्या अक्षरात नावे. झिनियाच्या पुडीत थोडे जुने बी उरलेले होते. पण डब्याचे झाकण नीट लागलेले नव्हते. पावसाची हवा आत शिरून बी सादळले होते. पेरले, त्यातले एकही उगवले नाही. बियांचा मोठा वैरी म्हणजे ओलावा. बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरला, की त्यांचे आयुष्य ढोबळ मानाने दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील एक ठोकताळा आहे. आई प्रत्येक पुडी सावलीत वाळवून मगच डब्यात ठेवी आणि उघडीप मिळताच डबा तपासी. तो डबा तपासायचे आमच्या ध्यानीही आले नाही. अशा रीतीने, आमच्या मते, ती झिनिया आमच्या हातून संपली.

आम्ही चूक केली काय? या प्रश्नाने आमचा बराच काळ पिच्छा पुरवला. योहानाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायाने आम्हांस प्रथम दिलासा दिला. बेथानीच्या मरियेने अतिमोलाचे सुगंधी तेल येशूच्या चरणांना लावले. तीनशे दिनारांचे तेल वाया गेले, ते विकून गोरगरिबांना देता आले असते, अशी तक्रार झाली. पण प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली आणि आपल्या दफनाशी त्या कृतीचा संबंध जोडला. प्रेम कधीकधी हिशेब न करता सर्व ओतते आणि ते योग्यच असते. मग आमची फुले त्याच जातीची नव्हती काय?

परंतु त्याच बाराव्या अध्यायात, काही वचनांनंतर, जमिनीत पडून मरणाऱ्या आणि म्हणूनच पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याची गोष्ट आहे. एकाच अध्यायात ओतलेले तेल आहे आणि पेरलेला दाणाही आहे. दोन्ही ठिकाणी काहीतरी सोडून दिले जाते. मग आमचे कोठे चुकले? बऱ्याच विचारांती एक भेद आमच्या लक्षात आला. मरियेचे तेल मरियेचे होते. दोरा बांधलेली फुले आमची नव्हती.

या भेदाला शुभवर्तमानात आधार आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू 'कुर्बान' या प्रथेवर कठोर शब्दांत बोलतो. आईवडिलांना जे द्यायचे ते देवाला अर्पण झाले आहे असे म्हटले, की मुलगा त्या कर्तव्यातून मोकळा, अशी पळवाट काढण्यात आली होती. देवाच्या नावाने दुसऱ्याचे देणे बुडवता येणार नाही, असे त्या प्रसंगाचे सार आहे. अर्पण आपल्या मालकीच्या वस्तूचे होते. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू वेदीवर ठेवल्याने ती आपले दान होत नाही. जुन्या नियमशास्त्रातही हीच मर्यादा दिसते. कापणी करताना शेताच्या कडा कापू नयेत, त्या गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडाव्यात, असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. पक्ष्याचे घरटे सापडले तर अंडी किंवा पिले घ्यावीत, पण आईला उडून जाऊ द्यावे, अशी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे. घेण्याला मनाई नाही. पण ज्यातून पुढचे उपजणार ते निपटून घेण्याला मनाई आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात वनस्पती निर्माण झाल्या त्या बी देणाऱ्या वनस्पती म्हणून. देणगीच बियांसकट मिळालेली होती. तिच्यातले बी खुडून उरलेली देणगी परत करणे, यात देणाऱ्याचा मान कसा राहील?

कोणी विचारील, की जे अजून जन्मलेच नाहीत, त्यांचा हक्क आला कोठून? याचे उत्तर वर्षायू झाडापाशी आहे. आंब्याचे झाड आजोबांनी लावले आणि नातवाने विसरून गेले तरी ते फळत राहते. झेंडू-झिनियाचे तसे नाही. ही झाडे त्याच वर्षी जन्मतात आणि त्याच वर्षी मरतात. म्हणून आज अंगणात फुललेले प्रत्येक झेंडूचे फूल ही एक साक्ष असते, की गेल्या वर्षी कोठेतरी एक फूल न तुटता झाडावर राहिले होते. त्याच्या आदल्या वर्षीही राहिले होते, आणि त्याच्याही आदल्या. ही साखळी कोठवर जाते पाहा. ज्या झेंडूवाचून आज दसऱ्याच्या तोरणाची कल्पनाही करवत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. झिनिया आणि कॉसमॉस तिकडचेच. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्कर बेटावरची. तेरडा तेवढा आपल्या मातीतला. बाकीची सारी कधीतरी कोणाच्या तरी गाठोड्यातून समुद्र ओलांडून आली आणि मग आपल्या ओटीवरून शेजारच्या ओटीवर जात राहिली. त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण त्यांना फेडता येत नाही. ते फक्त पुढे फेडता येते. हक्क म्हणतात तो येथून येतो.

या ऋणाची जाण माणसाला कोठवर नेऊ शकते, याचा एक दाखला विसाव्या शतकाने पाहिला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, लेनिनग्राड शहराला वेढा पडला होता. निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञाने जगभरातून जमवलेला बियाण्यांचा संग्रह तेथील संस्थेत होता. लोक उपासमारीने मरत होते. संस्थेतील कर्मचारीही भुकेने मेले. भाताच्या संग्रहाची राखण करणारे दिमित्री इवानोव्ह हे त्यांतले एक. पण राखणीतील धान्याला त्यांनी तोंड लावले नाही. स्वतः वाविलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते आणि १९४३ साली तेथेच मरण पावले. उपाशी माणसाने बियाणे खाल्ले असते तर त्याला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू, की त्यांच्यापुढे भाकरीचा प्रश्न होता. आपल्यापुढे फक्त फुलदाणीचा आहे.

आता गोष्टीचा उरलेला भाग. त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास शेजारच्या मावशी एक पुडी घेऊन आल्या. "तुझ्या आईनं तीन वर्षांपूर्वी मला झिनियाचं बी दिलं होतं. दर साली लावते. तुमच्या बागेत यंदा दिसली नाही, म्हणून आणलं," असे त्या म्हणाल्या. आम्हांस काय वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. पत्र्याच्या डब्यात जपलेले बी गेले होते. देऊन टाकलेले उरले होते. जे एका घरी असते ते एका पावसात, एका वाळवीत, एका शोकाच्या सकाळी नाहीसे होऊ शकते. जे पाच घरी असते ते सहसा मरत नाही. बियांच्या बाबतीत औदार्य हीच सर्वांत शहाणी तिजोरी आहे.

मात्र ते बी फुलले तेव्हा आमची निराशा झाली. एक झाड गुलाबी निघाले, एक केशरी, दोन-तीन एकेरी. आईची किरमिजी झिनिया कोठेच नव्हती. मावशींच्या अंगणात त्यांची स्वतःचीही झिनिया होती. मधमाश्या कुंपण मानत नाहीत. आपण म्हणतो, पेराल तसे उगवेल. आचरणाच्या बाबतीत ते खरे असेल. बागेत ते अर्धेच खरे आहे. बी ही आईच्या रूपाची नक्कल नसते. तिच्यात आणखी एक घराणे मिसळलेले असते आणि मागच्या कित्येक पिढ्या दडलेल्या असतात.

हे कोडे ज्याने प्रथम उलगडले तो आपल्याच ख्रिस्तसभेतील एक संन्यासी होता, हे वाचकांना स्मरत असेल. ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरू, शेतकऱ्याचा मुलगा. सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ पासून १८६३ पर्यंत त्याने वाटाण्याची झाडे लावली, त्यांचा हाताने संकर केला, बी जमवले, पेरले आणि मोजले. जांभळ्या फुलांचे व पांढऱ्या फुलांचे झाड यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सारी झाडे जांभळ्या फुलांची निघाली. पांढरा रंग जणू पुसला गेला. पण त्या झाडांचे बी पुन्हा पेरले, तेव्हा ९२९ झाडांपैकी ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी निघाली. जे दिसत नव्हते ते नष्ट झालेले नव्हते. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला. १८८४ साली तो वारला. जगाला त्याचे महत्त्व कळले ते १९०० साली. तेव्हा त्याचे नियम पुन्हा शोधून काढणाऱ्या तिघांपैकी कार्ल कॉरेन्स यांनी आपल्या ओळखीच्या गुलबक्षीवरही प्रयोग केले. शुद्ध लाल व शुद्ध पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलांची झाडे मिळाली, आणि त्या गुलाबीच्या बियांतून लाल व पांढरी पुन्हा प्रकटली. मेंडेलने स्वतः राखलेले बी जणू पस्तीसएक वर्षे जमिनीत पडून होते.

बाजारातील संकरित फुलांच्या बियांचे रहस्यही हेच. पाकिटातले बी पहिल्या वर्षी एकसारखी, डौलदार फुले देते. त्यांचे बी धरून पेरले तर दुसऱ्या वर्षी भलतीच सरमिसळ निघते. ही कोणी केलेली फसवणूक नव्हे. तो आनुवंशिकतेचा नियम आहे. दोन शुद्ध घराणी वेगळी राखून दर वेळी त्यांचा संकर करावा लागतो आणि त्या श्रमांचे मोल मागण्यात अन्याय नाही. अन्याय होईल तो मोल देणाऱ्याचा राखण्याचा हक्कच काढून घेतला तर. आपल्या देशाने २००१ साली केलेल्या पीक वाणांच्या व शेतकऱ्यांच्या हक्कांच्या कायद्याने दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत : नवे वाण काढणाऱ्याला संरक्षण दिले, आणि संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला, फक्त नाममुद्रा लावून विकण्यास मनाई केली. आणि ज्यांनी हा हक्क प्रत्यक्षात जगून दाखवला त्यांत अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आहेत. घराघरांतून गावठी वाणांचे बी गोळा करून त्यांनी ते जपले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपण्याला मोठी पदवी लागत नाही, पुढच्यांची आठवण लागते, हे त्यांनी दाखवले.

मेंडेलच्या बागेने आम्हांस एक दुसरी गोष्टही शिकवली. राखणे म्हणजे आपल्यासारखेच पुन्हा घडवणे नव्हे. आपण मुलांना उत्तम ते देतो, आणि मग ती हुबेहूब आपल्यासारखी निघाली नाहीत म्हणून कष्टी होतो. ती आपली बोली वेगळ्या स्वरात बोलतात, प्रार्थना वेगळ्या रीतीने करतात, आपण न पाहिलेल्या गावी घरे बांधतात. आपला रंग पुसला गेला असे आपल्याला वाटते. संत पौलाने करिंथकरांना समजावले होते, की पेरणारा दाणा पेरतो, पुढचे अंग पेरत नाही. ते देव देतो. उत्तम ते राखून द्यावे, एवढे आपल्या हाती आहे. ते कोणत्या रूपाने उगवेल हे ठरवणे आपल्या हाती नाही. 'आपली नाहीत' या शब्दांचा हा दुसरा अर्थ.

आम्ही मावशींच्या त्या मिश्र झिनियाचे बी धरले, ते पेरले, आणि पुन्हा धरले. दर वर्षी त्यातल्या त्यात गडद आणि भरदार फुलांच्या झाडांना दोरे बांधले. तिसऱ्या वर्षी एका झाडावर किरमिजी फूल आले. ते अगदी आईच्या झिनियासारखे होते, असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. आठवणीतला रंग नेहमीच थोडा अधिक गडद असतो. पण घरातल्या सर्वांनी ते ओळखले.

त्यानंतर मृतांच्या स्मरणदिनाची सकाळ आली. परडी घेऊन आमची नात बागेत शिरली आणि थेट त्या झाडापाशी गेली. "आजीआईच्या कबरीवर हेच न्यायचं ना?" तिने विचारले. देठाला दोरा बांधलेला होता. खरे सांगायचे, तर आम्हांसही ते फूल न्यावेसे वाटत होते. आम्ही तिला दोरा दाखवला आणि तो का बांधला आहे ते सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला, मग शेजारच्या गुलाबी आणि केशरी झिनियाची फुले खुडून परडी भरली. कबरीवर आम्ही तीच वाहिली. किरमिजी फूल झाडावरच राहिले. नाताळापर्यंत ते वाळले आणि त्याचे बी आम्ही पाच पुड्यांत बांधले. पहिली पुडी मावशींच्या घरी पोहोचवली.